उणे अठ्ठावीसमधली चिकाडी आणि आमच्या पोडियमवरचा धोबी

गेल्या जानेवारीत ताईचा फोन आला की बर्फावर घसरले आणि मनगट मोडलं. भाऊजींची खाणीतली शिफ्ट, भाचा कॉलेजला लांब, म्हणजे घरात एकटी आणि उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे मी रजा टाकली आणि तीन आठवड्यांसाठी गेले. ताई राहते अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, डुलुथ शहरापासून वर गाडीने साधारण तासभर, जवळचं दुकान वीस मिनिटांवर, आणि शेजारी म्हणजे अर्धा किलोमीटर पलीकडे एक आजोबा. आम्ही ऐरोलीवाले. इथे पारा १८ ला आला की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "गुड मॉर्निंग, आज हुडहुडी" आणि मुलांना कानटोप्या, आणि तिथे मी पोचले त्या सकाळी उणे २८ होतं. श्वास घेतला की नाकातले केस गोठून टोचतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

दुर्बीण घेऊन गेले होते खरी पण मनातल्या मनात म्हटलेलं, कशाला ओझं, तिकडे हिवाळ्यात काय पक्षी दिसणार डोंबल. सगळे तर थंडीला कंटाळून आपल्याकडेच येतात ना. आठ-नऊ वर्षं ऐरोलीच्या खाडीवर जातेय, त्यामुळे थोडा माजही होता. आपल्याकडे हिवाळ्यातल्या चांगल्या सकाळी सहज पन्नास जाती होतात, आणि फ्लेमिंगो तर मोजायचेच सोडून दिलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जेमतेम उजाडलं (आणि दुपारी साडेचारला परत अंधार, हे वेगळंच प्रकरण). मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभी होते आणि समोरच्या खांबावर टांगलेल्या पक्ष्यांच्या दाण्यांच्या फीडरवर एक गोळा येऊन बसला. अक्षरशः गोळा. काळी टोपी, काळी हनुवटी, पांढरे गाल, बाकी सगळी पिसं फुलवून कापसाच्या बोंडासारखी झालेली. ताई म्हणाली ही चिकाडी, ब्लॅक-कॅप्ड चिकाडी. आपल्याकडच्या वल्गुली पक्ष्याच्याच कुळातली, बघितल्या बघितल्या नातं कळतं.

तिचं वजन किती असेल? अकरा-बारा ग्रॅम. म्हणजे एक एक रुपयाची तीन नाणी तळहातावर घ्या, झालं. आणि तेवढा जीव उणे २८ मध्ये रात्रभर बाहेर असतो, पंधरा तासांची रात्र, पोटात दिवसभरात खाल्लेल्या दाण्यांची चरबी एवढंच सरपण. रात्री ती झाडाच्या एखाद्या भोकात एकटीच शिरून बसते आणि अंगाचं तापमान दिवसापेक्षा दहा-बारा अंशांनी खाली आणते, गॅस सिमवर करावा तसं, वर अख्खी रात्र कुडकुडत अंग गरम ठेवते. सकाळ झाली की रिकाम्या टाकीने सरळ फीडरवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक चिकाडी आली तिची शेपूट चक्क एका बाजूला वाकलेली. मला वाटलं मांजराने धरलं असेल, तर ताई म्हणे नाही गं, बिळात जागा नसते, शेपटी दुमडून झोपली असणार, दुपारपर्यंत सरळ होईल. आणि झाली की हो! म्हणजे लोकलमध्ये कोपऱ्यात दबून आल्यावर आपली ओढणी दिसते तसंच.

मग मला नादच लागला. ताईचं जेवण, औषधं, भांडी उरकली की मी खिडकीत. ताईला तर आयती मोलकरीण हवी होती आणि मिळाली पक्षीनिरीक्षक, असं ती भाऊजींना म्हणाली, मी ऐकलं.

खिडकीत बसून एक गोष्ट लक्षात आली ती म्हणजे येणाऱ्यांच्या दोन जाती आहेत, एक डबेवाले आणि एक पंगतवाले. चिकाडी येते, एकच सूर्यफुलाचं बी उचलते, जाते. पुन्हा येते, एकच उचलते, जाते. सगळं खातही नाही, बरंच नेऊन सालीच्या फटीत, शेवाळात, फांदीच्या बेचक्यात खुपसून ठेवते, एक बी एका जागी, अशा हजारो जागा, आणि नंतर तिला त्या आठवतात. शरद ऋतूत तिच्या मेंदूतला आठवणींचा भाग वाढतो म्हणे, शास्त्रज्ञांनी हे मोजलंय. मला दोन दिवसांपूर्वी फ्रीजरमध्ये ठेवलेला मटारचा डबा सापडत नाही. उलट ते पाइन ग्रोसबीक आणि रेडपोल, हे फिंच मंडळी, ते येतात आणि मांडी घालून बसतात. चोचीत बी फिरवत, सालं सांडत, शेजाऱ्याशी भांडत, उठायचं नाव नाही. ब्लू जे तिसराच नमुना, तो येतो दरोडेखोरासारखा, घशाच्या पिशवीत चार-पाच शेंगदाणे कोंबून पसार, आणि येताना कधी कधी ससाण्यासारखं ओरडतो त्यामुळे बाकीचे फर्रकन उडतात आणि याला मैदान मोकळं. माझ्या ऑफिसात असे दोघेजण आहेत.

आता कारळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. गॅरेजमध्ये पक्ष्यांच्या दाण्यांची पोती, त्यातल्या एकावर लिहिलेलं नायजर. ताईचा हात बांधलेला म्हणून भरायचं काम माझं, मी पोतं उघडलं, ओंजळ घेतली, काळं, बारीक, लांबुडकं, चकचकीत, नाकाशी नेलं आणि ओरडलेच, ताई, हे तर कारळं! आपली खुरासणी! भारतातून आणि इथिओपियातून अमेरिकेत जातं ते, आणि तिकडे उगवून तण वाढू नये म्हणून तापवून निर्जीव करून मगच विकतात. पावसाळ्यानंतर जव्हारच्या बाजूला डोंगरउतारावर पिवळीधमक शेतं दिसतात बघा, ज्यांच्यासमोर सगळे गाडी थांबवून फोटो काढतात, त्यातलं हे बी, आणि आईच्या हातची कारळ्याची चटणी खाऊन वाढलेल्या आम्ही दोघी ते उणे २८ मध्ये रेडपोलांना वाढतोय. मी म्हटलं जरा भाजून लसूण-मिरची घालून बघू का, ताईने असे डोळे वटारले. पक्ष्यांचं आहे ते, माणसांच्या खाण्याचं नाही. बरं.

रेडपोल म्हणजे चिमणीहून लहान, कपाळावर लाल कुंकवाची टिकली, नराच्या छातीवर गुलाबी छटा. हे आणखी वरून, अगदी आर्क्टिकच्या कडेकडून येतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मिनेसोटा हेच गोवा. पण दरवर्षी येतील असं नाही. वर बर्चच्या झाडांना बी चांगलं धरलं तर कशाला येतील, तिकडेच राहतात, बी बुडालं की झुंडी खाली. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट शिरलं की पक्षी थंडीला भिऊन पळत नाहीत, उपासमारीला भिऊन पळतात. थंडीचं ते बघून घेतात. पिसं आहेत, कुडकुडणं आहे, रेडपोल तर बर्फात बोगदा करून आत झोपतो. पायांचं मला कोडं होतं, उघडे पाय लोखंडी दांडीवर, गोठत कसे नाहीत, तर पायात जाणारं गरम रक्त आणि पायातून येणारं गार रक्त एकमेकांना चिकटून वाहतं, जाणारं आपली ऊब येणाऱ्याला देऊन टाकतं, त्यामुळे पाय थंडच राहतात पण गोठत नाहीत आणि ऊब अंगातच फिरते. पण पोटात काही नसेल तर ही सगळी कारागिरी एका रात्रीत संपली.

त्या रेडपोलवरूनच शेजारच्या आजोबांची ओळख झाली. ताईने त्यांच्याकडे पुरणपोळी पाठवली माझ्या हातून (हो, प्लास्टर घालून सूचना देत तिने माझ्याकडून करून घेतली) आणि आजोबा दारातच सुरू झाले. वय ऐंशीच्या पुढे, पूर्वज फिनलंडचे, त्या भागात बरेच आहेत तसे, घरामागे सौना. त्यांची तक्रार अशी की २०२४ मध्ये तिकडच्या पक्षीशास्त्रज्ञांनी कॉमन रेडपोल आणि होरी रेडपोल या दोन जाती मिळून एकच करून टाकल्या. आजोबांनी होरी रेडपोल पहिल्यांदा पाहिला तो तरुणपणी, त्या दिवसाची तारीख वहीत आहे, आणि आता यादीतून एक आकडा कमी. कोणी न मरता गेला, म्हणाले. मी काय बोलणार, मान हलवली.

त्यांच्या अंगणात एक भयानक गोष्ट टांगलेली होती. हरणाच्या बरगड्यांचा अख्खा पिंजरा. नोव्हेंबरच्या शिकारीतलं हरीण, मांस घरात, सापळा झाडाला. मी शाकाहारी, पोटात ढवळलं, पण खरं सांगते पाचव्या मिनिटाला विसरले, कारण त्या बरगड्यांच्या आत चिकाड्या शिरून चरबीचे कण टोचत होत्या, बाहेरून सुतार पक्षी लटकलेला, आणि एक राखाडी, मऊ, भाबड्या चेहऱ्याचा कॅनडा जे आला आणि त्याने मोठा तुकडा तोडून नेला. हा जे लाळ लावून खाण्याच्या गोळ्या करतो आणि झाडाला चिकटवून साठवतो, त्या साठ्याच्या जोरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळीकडे बर्फ असताना, घरटं करतो. तिथला बर्फ म्हणजे त्याचा डीप फ्रीझर.

आजोबांनी ख्रिसमस काउंटची त्यांची यादी दाखवली. मी पोचण्याआधीच त्यांच्या भागातला काउंट झाला होता. ही पद्धत १९०० सालापासूनची, त्याआधी नाताळला बंदुका घेऊन दोन गट करायचे आणि जास्त पक्षी-प्राणी मारेल तो गट जिंकला असा खेळ असायचा, मग फ्रँक चॅपमन नावाच्या माणसाने सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसं होती. आता दर वर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या मधला एक दिवस धरतात, २४ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ, आतले सगळे पक्षी मोजायचे. आजोबांची दिवसभराची यादी एकवीस जातींची. एकवीस! माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण ते म्हणाले, पण यातली प्रत्येक मी सावकाश पाहिली. मला जरा लागलंच ते.

घुबडाचं शेवटी सांगते कारण त्यावर मी लिहायला लागले तर थांबणार नाही. त्या भागात साक्स-झिम बॉग नावाची मोठी दलदल आहे, साक्स आणि झिम या दोन वस्त्यांवरून नाव, स्प्रूस आणि टॅमरॅकची झाडं, आणि हिवाळ्यात घुबडं बघायला लांबून लोक येतात. एका दुपारी भाऊजींनी नेलं. तीन तास रस्त्यारस्त्याने हळूहळू गाडी, काही नाही. माझा मोबाइल थंडीने बंद पडला, दुर्बिणीवर श्वासाचं बाष्प गोठलं, मी ते नखाने खरवडत बसले होते आणि भाऊजींनी ब्रेक मारला. कुंपणाच्या खांबावर, रस्त्यापासून वीसेक पावलांवर, ग्रेट ग्रे आउल. मोठ्ठं. दोन-अडीच फूट उंच, तबकासारखा गोल चेहरा, त्यावर कडी-कडीची वलयं, पिवळे लहान डोळे, गळ्याला पांढरा बो टाय. भाऊजी म्हणाले तुम्हाला वजन माहितीये का, सव्वा किलो. मला खरंच वाटेना, सगळी पिसंच.

त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मग दुर्लक्ष केलं, इतकं पूर्ण दुर्लक्ष मला आजवर कोणी केलेलं नाही. खाली बर्फाकडे तोंड, मान थोडी तिरकी. पांढरंशुभ्र सपाट बर्फ, काहीही नाही त्यावर. ते ऐकत होतं. बर्फाखाली दीड-दोन फुटांवर धावणाऱ्या उंदराचा आवाज त्याला ऐकू येतो, तो गोल चेहरा म्हणजे डिश अँटेनाच आहे. मग आवाज न करता उठलं, तरंगत गेलं, आणि आधी तोंड मग पाय असं धप्पकन बर्फात. दोन पंख पसरून बर्फावर बसून राहिलं क्षणभर. उडालं तेव्हा पायात काळं काहीतरी होतं. आणि बर्फावर राहिला नुसता ठसा, मधे खड्डा आणि दोन्हीकडे पंखांच्या पिसांच्या रेघा, कोणी रांगोळीचा पंखा काढावा तसा.

आमची आजी सांगायची की घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून नेतं आणि झिजवतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. गाडीत मी हे भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले बरंय, तेवढ्या भीतीने तरी लोक मारत नसतील. तसं नाहीये ते, भीतीपोटीच जास्त मारतात, पण मी वाद घातला नाही, हीटर चालू होता, छान वाटत होतं. त्यांनी सांगितलं की २००४-०५ च्या हिवाळ्यात कॅनडात उंदीर घटले आणि ही घुबडं एवढी खाली आली की नुसत्या मिनेसोटात पाच हजारांच्या वर मोजली. पुन्हा तेच. थंडी नाही, पोट.

(परत यायच्या दोन दिवस आधी घरामागे चालताना माझ्या पावलाशी बर्फ फुटला आणि आतून कोंबडीएवढं काहीतरी फडफडत बाहेर. मी किंचाळून आडवी. रफ्ड ग्राउज, तो मऊ बर्फात सूर मारून आत झोपतो. ताई दारातून बघत होती, तिचं पहिलं वाक्य, बघ, हाडं मोडली नाहीत ना, आता मला प्लास्टर एकच पुरे.)

जानेवारीच्या शेवटी परत आले. रविवारी नेहमीप्रमाणे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर गेलो, तिथूनच फ्लेमिंगोची बोट सुटते. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तेव्हापासून गर्दी जास्तच. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, पांगून खातात, भरती चढायला लागली की काठाकडे सरकत दाट होतात, त्यामुळे बोटीच्या वेळा पाण्यावर असतात, तुमच्या नाश्त्यावर नाही, हे दर वेळी कोणालातरी समजावून सांगावं लागतं. गुलाबी लाट होतीच. लोक पाठ करून सेल्फी घेत होते. एक काका कुरवांना (सीगलना) गाठिया टाकायला निघाले होते, त्यांना बोटवाल्या दादांनीच झापलं, बरं झालं. कुरवाला गाठिया म्हणजे आपण बाळाला रोज फरसाण भरवण्यासारखं आहे.

पण मी बघत होते थापट्या बदक. त्याची ती फावड्यासारखी चोच पाण्यात सपसप फिरवत, चोचीच्या कडेला गाळणी असते त्यातून चिखलपाणी गाळत चाललेला. हा तिकडे कुठेतरी उत्तरेत असता तर आत्ता त्याच्या तळ्यावर दोन फूट बर्फ, गाळणार काय. चिकाडीला झाडाच्या सालीत बी ठेवता येतं, याला तळं साठवून ठेवता येत नाही. म्हणून हिमालय ओलांडून आमच्या खाडीचा, खरं सांगायचं तर बऱ्यापैकी वास मारणाऱ्या खाडीचा, चिखल.

आणि सोसायटीत पोडियमवर, पाण्याच्या टाकीची गळती होते तिथे (दोन वर्षं झाली, कमिटी बघतेय), पांढरा धोबी नावाचा पक्षी असतो हिवाळाभर. मी त्याला आधी यादीत एक टिक करून पुढे जायचे. आता तासभर बसले. शेपूट खालीवर, तीन पावलं पळाला, माशी टिपली, शेपूट खालीवर. त्या ओल्या पट्ट्याच्या टोकाला गेला की वळतो, परत. दुसरा धोबी आला की हाकलून लावतो. साधारण चार फूट बाय पंधरा फूट गळतीचं राज्य. सेक्रेटरींना मी म्हटलं गळती मार्चनंतर काढा हवं तर, त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

बाल्कनीत बशीत कारळं पण ठेवून बघितलं. कबुतरं आली. अठरा. बशी आत घेतली आणि उरलेल्याची चटणी केली.

ताईचं प्लास्टर निघालं. रोज सकाळी तिचा मेसेज येतो, पारा आणि पक्षी, "उणे २१, चिकाडी ९, ग्रोसबीक ४, शेपूटवाकडी आली नाही". मी संध्याकाळी खाडीचं पाठवते. परवा थापट्यांचा फोटो पाठवला तर लिहिलं, माझी बदकं नीट सांभाळ, एप्रिलच्या शेवटी तळं सुटलं की पाठवून दे. मी लगेच शहाणपणा केला की अगं ही ती नव्हेत, जात तीच पण तुझी जातात मेक्सिकोकडे, आमची येतात सायबेरिया, मध्य आशियाकडून. अर्ध्या तासाने उत्तर, "बरं मग त्यांना सांग नमस्कार सांगितलाय. आणि शेपूटवाकडी आत्ता आली."